चिंध्यादेवाच्या उजव्या अंगानं

बूट माझे नव्हते, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी सगळं एकटीनं केल्याच्या थाटात बोलणार आहे, आणि तेव्हा कोणी उठून ‘बूट कोणाचे होते?’ असं विचारलं तर फजिती नको. बूट नंदाच्या वडिलांचे. नंदा माझी भंडाऱ्याच्या कॉलेजातली मैत्रीण, राहायची जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये, आणि तिचे वडील फॅक्टरीत कामाला होते. त्यांचे घोट्याच्या वरपर्यंत येणारे जुने काळे बूट तिनं पिशवीत घालून कॉलेजात आणले आणि वर्गाच्या मागच्या बाकावर मला घालायला लावले. माझा पाय त्यात एक बोट मागे-पुढे सरकत होता. पुढे चिंध्या कोंबायच्या आणि आत दोन मोजे घालायचे, असं ठरलं. एसटीत ती पिशवी मी मांडीवर धरून घरी आणली. शेजारच्या बाईनं विचारलं, “काय हाये व पिशवीत?” मी म्हटलं, “हिमालय.” ती बिचारी खिडकीबाहेर बघू लागली.

झालं होतं असं की, कॉलेजात आम्हाला कवायत शिकवणाऱ्या मॅडमनी हिमालयातल्या गिर्यारोहण शिबिरासाठी एका मुलीचं नाव द्यायचं ठरवलं होतं आणि ती मुलगी मी होते. का मी, ते विचारू नका. मी पळायला बरी होते आणि कोणी ‘तुला जमणार नाही’ म्हटलं की माझं डोकं फिरायचं, एवढंच. एक महिन्याचं शिबिर, बर्फ, दोर, कुऱ्हाडीसारखं काहीतरी हातात. मॅडम सांगत होत्या आणि मी मनातल्या मनात पिशवी भरायलाही लागले होते. फक्त फॉर्मवर खाली एक ओळ होती, ‘पालकाची सही’. ती घेऊन सोमवारी फॉर्म परत द्यायचा होता. नाहीतर जागा दुसरीला जाणार होती.

आमच्या घरात सही म्हणजे साधी गोष्ट नव्हती. आमचं गाव मोहाडी तालुक्यातलं, तलावाच्या पाळीला टेकून बसलेलं, सगळे धान पिकवणारे. त्या पिढीत गावात लिहिता-वाचता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी होती आणि बाबा त्यातले एक, सातवी पास. सदऱ्याच्या खिशाला त्यांचं शाईचं पेन कायम अडकवलेलं असायचं, अगदी धान चुरतानासुद्धा. गावातल्या कोणाचं मोहाडीच्या तहसिलीत काम निघालं की तो आमच्या अंगणात येऊन उभा राहायचा, “श्रावणभाऊ, चाला न मोहाडीले.” कारण नुसता अंगठा चालत नसे. हा अंगठा याच माणसाचा आहे, मी याला ओळखतो, असं लिहून खाली शिकलेल्या माणसाची सही लागायची. बाबा धुतलेलं धोतर नेसून जायचे. त्यांची सही म्हणजे खाली एक लांब शेपूट असलेली, वळणदार, बघत राहावी अशी. आणि एकदा तोंडातून निघालेला शब्द ते फिरवायचे नाहीत, याचाही गावात बोलबाला होता. बाहेरच्यांना त्याचं कौतुक. आम्हा घरच्यांना त्याचा ताप.

ते दिवस चुरण्याचे, म्हणजे धानाच्या मळणीचे. धानाचे पुंजणे खळ्यावर रचलेले, बैल पहाटेपासून गोल गोल फिरत असायचे आणि त्यांच्या गळ्यातल्या घंट्यांचा आवाज घरात भरून राहायचा. इतका, की बैल थांबले तर माणूस दचकून जागा व्हायचा. अंगणात तणसाचा धुरळा. माय चुलीपुढे. ती सकाळी दहा-बारा माणसांसाठी तांदळाच्या पिठाच्या भाकरी थापायची आणि लाखोरीच्या डाळीचं घट्ट वरण करायची. मी अजूनही शहरात कुठे लाखोरीची डाळ मिळाली तर आणते, पण तो वास येत नाही. माझी नात म्हणते, “आजी, तुला वरण नाही, बैल हवेत.” कार्टी खरं बोलते.

मी फॉर्म घेऊन खळ्यावर गेले ती वेळच चुकीची होती. बाबा बैलांमागे होते.

“बाबा, सही पायजे होती.”

“कायची?”

मी सांगितलं. बाबांनी बैलांचा एक फेरा पूर्ण होऊ दिला. मग म्हणाले, “हिमालय! इथला आंबागडचा डोंगर पार करता येते काय तुले?”

“येते.”

“एकटीले?”

“एकटीले.”

“बाई जात एकटी डोंगर पार करते काय कधी?” ते हसले. खळ्यावरचे दोन गडीही हसले, आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

“मी करून दाखवतो का नाई ते पाहा!” रागावले की मी मुलासारखी बोलायची.

बाबांनी बैल थांबवले. “ठीक हाये. रविवारी दिवस निघाला का निघ. डोंगरापलीकडं मामाच्या घरी दिवा लागाच्या आंधी पोच. पोचली तं सही. नाई पोचली तं नाई. हा माया शब्द.”

शब्द म्हटल्यावर गडी हसायचे थांबले. मी मागे वळून पाहिलं तर माय दारात पाण्यानं भरलेला पितळी गुंड कमरेवर घेऊन उभी होती. तिनं फक्त पदर खोचला आणि आत गेली. मला तिचा रागच आला. मुलीची बाजू घेऊन एक शब्द बोलली असती तर काय झालं असतं?

मामाचं गाव आमच्यापासून अकरा कोस. एसटीनं जायचं तर मोहाडी, तुमसर, मग आणखी एक गाडी, असा अर्धा दिवस. पण सरळ डोंगरावरून गेलं तर तीन कोस सपाटी आणि आठ कोस जंगल. मी आठवडाभर तयारी केली. चुंगडीत दोन पायल्या धान भरून, ती पाठीला दोरीनं बांधून, तलावाची पाळ दिवसातून वीस वेळा चढले-उतरले. धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघायच्या. एकीनं विचारलं, “काहून व, बैल मेला काय तुमचा?” मॅडमनी सांगितलेलं सगळं मी केलं. पायाच्या बोटांना तेल चोळलं, दोन मोजे घालून घरभर बूट वाजवत फिरले, थोडं थोडं पाणी प्यायची सवय केली. रोज अंथरुणावर पडल्या पडल्या मी तो डोंगर मनातल्या मनात चढायची. मला झोप लागायची नाही ती भीतीनं नव्हे, आनंदानं. इतका आनंद मला पुढे माझ्या लग्नातही झाला नाही. हे वाचून आमच्या ह्यांना वाईट वाटू नये, पण खरं ते खरं.

रविवारी मी उठले तर माय आधीच उठलेली. तिनं एका फडक्यात चार भाकरी, जवसाची चटणी, गुळाचा खडा आणि दोन कांदे बांधून ठेवले होते. भाकरी नेहमीपेक्षा जाड होत्या. “जाड भाकर वाळत नाई,” ती म्हणाली. मग तिनं जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची एक पट्टी टर्रकन फाडून माझ्या हातात दिली. “चिंध्यादेवाले बांधजो. घाटाच्या माथ्यावर मोहाचं झाड हाये. अन् आयक, तिथून उजव्या अंगानं जा. चढ लागला तरी उजव्याच अंगानं. पाणी दिसलं म्हणून डाव्या अंगाले उतरू नको.”

“हो हो,” मी बुटाची नाडी बांधत म्हटलं. मला वाटलं, हिला काय माहीत? माहेरी गेली तर एसटीनं; एरवी मोहाडीच्या आठवडी बाजारापलीकडे ही कधी गेली आहे? कोणाकडून तरी ऐकलं असेल.

बाबा खळ्यावर होते. त्यांनी सूर्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बैलांना हाकारलं.

पहिले तीन कोस मी जवळजवळ पळतच गेले. धान कापलेल्या बांध्या, त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तुरी उभ्या, दवानं बूट ओले. पायथ्याच्या गावात एका म्हाताऱ्यानं विचारलं, “कोठी चालली बाई?” मी हात वर करून डोंगर दाखवला. त्यानं डोंगराकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, “कोणाच्या हायेत?” हे बूट माझा पिच्छा सोडत नव्हते.

आणि मग चढ सुरू झाला. काय सांगू! लोक मला विचारतात, डोंगरात काय ठेवलंय? मी काय सांगणार. मी सपाटीवरची मुलगी. माझ्या आयुष्यात सर्वात उंच जागा म्हणजे तलावाची पाळ. आणि आता प्रत्येक वळणावर मागे पाहिलं की जग थोडं आणखी मोठं झालेलं असायचं. आधी पायथ्याचं गाव दिसलं, मग त्याच्या मागचे तलाव, एक, दोन, पाच, सात, मग लांब वरठीकडे जाणाऱ्या आगगाडीचा धूर. साग, ऐन, बांबूची बेटं. वाळलेली पानं बुटाखाली इतकी वाजायची की माझ्यामागून कोणी येतंय असं वाटायचं, म्हणून मी मोठ्यानं पाढे म्हणू लागले. एकोणतीसचा पाढा मला शाळेत कधी आला नव्हता, तो त्या डोंगरावर पाठ झाला. घोट्याला फोड आला, फुटला, दुसरा आला. पण मी मोठ्यानं हसत होते. एकटी, घामाघूम, चार भाकरी पाठीवर, आणि कोणी ‘कोठी चालली’ म्हणणारं नाही.

माथ्यावर पोचले तेव्हा सूर्य डोक्यावरून थोडा कलला होता. मोहाचं झाड होतं. त्याच्या खालच्या फांद्यांना शेकडो चिंध्या, लाल, पांढऱ्या, पावसानं रंग गेलेल्या. जाणारा-येणारा तिथं एक चिंधी बांधतो आणि पुढे जातो. ना मूर्ती, ना पुजारी. मी मायची हिरवी पट्टी बांधली, दोन भाकरी खाल्ल्या आणि पुढची वाट पाहिली. वाटा दोन. उजवीकडची उघड्या खडकावरून पुन्हा वर चढत होती. डावीकडून झुळझुळ आवाज येत होता. एक नाला, स्वच्छ पाण्याचा, खाली उतरत होता.

आता तुम्ही डोंगरातले असाल तर हसाल. पण आम्ही तलावाची माणसं. आमच्याकडे रस्ता चुकलेल्या लहान पोरालाही एकच गोष्ट शिकवतात, पाण्याच्या मागे जा. पाणी नहरानं तलावाला जातं, तलावाच्या पाळीला गाव असतं. हे आमच्या रक्तात आहे. मायचे शब्द मला आठवले, नाही असं नाही. पण मी मनात म्हटलं, तिला काय कळतं, पाणी कुठे खोटं बोलतं काय? आणि उड्या मारत डावीकडे उतरले.

तासभर उतरले. नाला वळला, पुन्हा वळला. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत गेले. आणि मग एका ठिकाणी पाणी सरळ खाली गेलं. कडा होता. मी पोटावर झोपून डोकावले. खाली खोल दरी, दाट जंगल, आणि नजर जाईल तिथवर एकही तलाव नाही, एकही धुराची रेघ नाही. मी तिथं बसले आणि चांगली हमसून रडले. रडणं संपल्यावर गुळाचा खडा खाल्ला. मग उठले आणि ज्या वाटेनं उतरले होते तीच वाट परत चढायला लागले. उतरायला एक तास, चढायला त्याच्या दीडपट. मध्येच पलीकडच्या उतारावर एक अस्वल वारूळ उकरत होतं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी जागच्या जागी थिजले आणि हलक्या आवाजात एकोणतीसचा पाढा म्हणू लागले. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तरला ते कंटाळून झाडीत निघून गेलं. ह्या प्रसंगाचा मी पुढे चाळीस वर्षं इतका वापर केला आहे की आता घरातले लोक ‘एकोणतीस’ म्हटलं तरी उठून जातात.

चिंध्यादेवापाशी परत आले तेव्हा मायची हिरवी पट्टी वाऱ्यावर हलत होती. मी तिच्याकडे न बघता उजवीकडे वळले. चढ लागला, चढले. मग सोंड, मग लांबच लांब उतार. मी पळत होते. सूर्य माझ्यासोबत पळत होता आणि तो पुढे होता. शेवटच्या टेकडीवर आले आणि खाली मामाचं गाव दिसलं. तलाव, पाळ, आणि घराघरांतून लुकलुकणारे दिवे. दिवे लागले होते. मी हरले होते. पण काय सुंदर दिसत होतं ते, काय सांगू. मी दोन्ही हात वर करून ओरडले.

मामा ओसरीवर बसला होता. मला बघून तो उठला, माझे काट्यांनी ओरबाडलेले हात पाहिले, आणि पहिला प्रश्न काय विचारावा?

“नाल्यात उतरली होती काय?”

“तुले कसं माहीत?”

“पयल्या खेपेले सारेच—” तो म्हणाला आणि मामीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तोंड मिटलं. मला इतकी भूक लागली होती की मी पुढे विचारलं नाही. पाच भाकरी खाल्ल्या आणि बूट पायात ठेवूनच झोपले, कारण ते निघत नव्हते.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं मामा मला पोचवायला आला. गाडीत त्यानं ठरवून टाकलं. “भाऊजीले मी सांगतो, दिवा लागाच्या आंधी आली म्हणून. तू फक्त चूप बस.” मी हो म्हटलं. मला फॉर्म कॉलेज सुटायच्या आत द्यायचा होता आणि खोटं बोलण्याइतकी माझी हौस मोठी होती, हे कबूल करते.

बाबा सैपाकघरात चहा पीत बसले होते. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. मामा म्हणाला, “बराबर टायमावर आली पोरगी, भाऊजी. दिवा लागाचाच होता.”

“असं?” बाबांचा चेहरा फुलला. खरंच फुलला. “सांग बरं, कशी गेली?”

आणि मी सांगायला लागले. तलाव किती दिसले ते सांगितलं, चिंध्यादेव सांगितला, नाला सांगितला, कडा, अस्वल, एकोणतीसचा पाढा, सगळं हातवारे करून, उभी राहून. “अन् मंग शेवटच्या टेकडीवर आली तं बाबा, सारं गाव दिव्यांनी असं लुकलुकून राहिलं होतं, असं—”

मामानं डोळे मिटून घेतले.

“लुकलुकून राहिलं होतं?” बाबा म्हणाले.

माझे हात हवेतच राहिले. “हो.”

“म्हणजे दिवे लागले होते.”

“हो.”

बाबांनी कप खाली ठेवला. कोनाड्यातून फॉर्म काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि माझ्यापुढे ठेवला. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. तेच जास्त लागलं. “शब्द तो शब्द, बाई,” ते म्हणाले. “मी पालक म्हणून सही नाई करू शकत.”

मला रडू फुटणार तेवढ्यात चुलीकडून आवाज आला.

“त्या नाल्यात मी बी उतरली होती.”

बाबांनी वळून पाहिलं. “कोण? तू?”

“पयल्या वर्सी. मंग नाई. मंग उजव्याच अंगानं जावो.”

“तू कायले डोंगरानं जाशील? तुले तं तुया भाऊ न्यायले येत जाये न चुरण्याच्या दिवसात? तलावाच्या पाळीवर थांबत जाये न?”

मामा छताची कवेलू मोजू लागला.

“त्याचं बी चुरणं, तुमचं बी चुरणं,” माय म्हणाली. भाकरीवरची तिची बोटं थांबली नव्हती. “तो कसा येईन? भावाबिगर मायेरी जाऊ देत नोयते. म्हणून मी सांगो, भाऊ पाळीवर उभा हाये. अन् एकटीच जावो. पाच खेपा गेली. एका खेपेले ही पोटात होती.”

म्हणजे त्या डोंगरावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकटी नव्हते. आणि बूटही माझे नव्हते.

मायनं भाकर तव्यावर टाकली, मग तव्याच्या कडेखाली उजवा अंगठा घासला, उठून आली आणि माझ्या फॉर्मवर, ‘पालकाची सही’ लिहिलं होतं तिथं, काजळीचा काळाभोर अंगठा उमटवला. तिनं कधी कशावर अंगठा केल्याचं मी पाहिलं नव्हतं.

“असा चालत नाई अंगठा,” बाबा म्हणाले.

“काहून?”

“खाली ओळखणाऱ्याची सही लागते.”

“मंग करा न. साऱ्या गावाच्या अंगठ्याखाली करता.” ती परत चुलीपुढे जाऊन बसली. “पालक म्हणून नका करू. शब्द देला तुमी.”

बाबांनी फॉर्म आपल्याकडे ओढला. मग खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि अंगठ्याखाली लिहिलं, ‘अंगठा ओळखणार’. पुढे आपलं नाव आणि ती शेपटाची सही. नेहमी ते एका झटक्यात करायचे. त्या दिवशी शेपूट ओढायला त्यांना वेळ लागला. फॉर्म त्यांनी माझ्या हातात दिला, पेन खिशाला लावलं आणि थंड झालेला चहा उचलला. मी फॉर्म फुंकून वाळवत होते, पाय आधीच दाराकडे. तेवढ्यात त्यांनी मायकडे न पाहता, अगदी सहज विचारावं तसं, विचारलं, “अस्वल दिसलं होतं काय तुले?”

“दोनदा,” माय म्हणाली आणि भाकर उलटली.